निळी गोळी आणि दोरीवरचं कापड

आज जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर आठवी ते दहावीच्या मुलींशी पाळी आणि आहार यावर बोलायला गेले होते. आधी सगळ्या ओढणीचं टोक चावत, खाली माना घालून. मग शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दाखवली नि विचारलं, कोण कोण घेतं? मागून आवाज आला, "ताई, मळमळतं, म्हणून फेकतो."

उपाशीपोटी घेतली तर मळमळणारच! जेवल्यावर घ्या, वर लगेच चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. एवढं साधं त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. दम लागणाऱ्या अशा मुलींना घरोघरी 'आळशी' म्हणतात, याचा फार संताप येतो. नाचणी, शेवग्याचा पाला, पिळायला लिंबू, सगळं दारात आहे. फक्त मुलीच्या ताटात शेवटी पडतं.

बहुतेक जणी कापड वापरतात. त्यात वाईट काही नाही. सुती हवं, साबणाने धुतलेलं, कडक उन्हात वाळलेलं. पण इथे ते परकराखाली लपवून वाळवतात, पावसाळ्यात तर तसंच ओलसर घेतात. खाज, पुरळ येतं का विचारलं तर निम्म्या माना हलल्या.

पुढच्या वेळी आयांनाही बोलवायचंय. आशाताई त्याच दिवशी हिमोग्लोबिन तपासणी ठेवणार आहेत. त्या भागातल्या कुणा डॉक्टर मैत्रिणीला यायला जमेल का? इनबॉक्समध्ये कळवा.