गॉडबरची पहिली रात्र आणि आमची एकांकिका

गेल्या वर्षी आमच्या नाट्यसंस्थेने रिमांड होममधल्या चार मुलांवर एक विनोदी एकांकिका बसवली. स्पर्धेतल्या प्रयोगानंतर एका परीक्षकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "अहो, अशा ठिकाणी विनोद कसला शोधता?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरोखरची अस्वस्थता होती, आणि त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. तालमीहून घरी जाताना मला रोज कळंबा कारागृहाच्या भिंतीकडेने जावे लागते. पुढचे काही आठवडे तो प्रश्न त्या भिंतीइतकाच रोज समोर येत राहिला.

उत्तर शोधताना मी 'पॉरिज' ही जुनी ब्रिटिश विनोदी मालिका पुन्हा पाहिली. पॉरिज म्हणजे लापशी. आपण जसे 'जेलची हवा खाणे' म्हणतो, तसे तिकडच्या बोलीत 'लापशी' म्हटले की तुरुंगवास समजतात. डिक क्लेमंट आणि इयान ला फ्रेने यांनी लिहिलेली ही मालिका बीबीसीवर 1974 ते 1977 या काळात दाखवली गेली. तुरुंगात मुरलेला, वय झालेला फ्लेचर आणि पहिल्यांदाच शिक्षा झालेला विशीतला गॉडबर हे दोघे एकाच कोठडीत राहतात. फ्लेचर रॉनी बार्करने केला आहे आणि गॉडबर रिचर्ड बेकिन्सेलने. हा गुणी नट 1979 साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेला. त्याचा तो निष्पाप, किंचित गोंधळलेला चेहरा पाहताना हे आठवले की आजही जीव हळहळतो.

पहिल्या पर्वातला एक भाग जवळजवळ संपूर्णपणे त्या कोठडीतच घडतो. दिवे गेले आहेत, दार बंद झाले आहे, आणि पुढच्या शेकडो रात्री आपल्याला अशाच काढायच्या आहेत या विचाराने गॉडबरला झोप येत नाही. फ्लेचर त्याला उपदेश करत नाही आणि धीराचे मोठे शब्दही वापरत नाही. तो एवढेच सुचवतो की आज बाहेर पडायचे मनात नव्हते म्हणून आपण घरीच बसलो आहोत, असे समजायचे. एका रात्रीपुरतीच ही समजूत काढायची आहे; उद्याची रात्र उद्या बघू. या संवादांना प्रेक्षक भरभरून हसतात, पण ते त्या मुलाला हसत नाहीत, त्याच्याबरोबर हसतात. एकांकिका लिहिताना मला नेमके हेच साधले नव्हते, असे आता वाटते. आमची मुले विनोदाचा विषय झाली होती, विनोद करणारी झाली नव्हती.

इथे मला एक विलक्षण गोष्ट जाणवली. कोवळ्या वयाच्या गुन्हेगारांना सराईतांपासून दूर ठेवले पाहिजे, या विचारातून इंग्लंडमध्ये 1902 साली केंट परगण्यातल्या बोर्स्टल गावी स्वतंत्र व्यवस्था सुरू झाली. मुंबई इलाख्यातही 1929 साली बोर्स्टल शाळांचा कायदा झाला. इंग्लंडमधली ती पद्धत 1982 च्या कायद्याने मोडीत निघाली, तरी तरुण गुन्हेगारांच्या वेगळ्या संस्था तिथे आजही आहेत. आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय कायद्यात अठरा वर्षांखालच्या अशा मुलाला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात, आणि त्याला प्रौढांच्या तुरुंगात ठेवता येत नाही. म्हणजे सराईत माणूस पोराला बिघडवील, ही कायद्याची भीती आहे, आणि ती खोटी नाही. 'पॉरिज'चा सगळा विनोद मात्र त्या सहवासावरच उभा आहे. फ्लेचर गॉडबरला कोठडीत टिकायला शिकवतो, लहानसहान बाबतींत पहारेकऱ्यांवर मात करायला शिकवतो, पण त्याला आपल्यासारखे होऊ देत नाही. शेवटच्या भागात गॉडबरची सुटका जवळ आलेली असताना तो मारामारीत अडकू नये म्हणून फ्लेचरची जी धडपड चालते, ती मला या मालिकेतली सर्वांत हृद्य गोष्ट वाटते. पुढे 1978 साली 'गोइंग स्ट्रेट' ही सहाच भागांची मालिका आली. तिच्यात फ्लेचर सुटून घरी येतो, आणि गॉडबर ट्रक चालवत आणि फ्लेचरच्याच मुलीशी संसार मांडत मार्गाला लागलेला दिसतो.

आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी 1957 साली 'दो आँखें बारह हाथ'मध्ये सहा कैदी आणि एक जेलर उभा केला. त्यामागे औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीची प्रेरणा होती. त्या चित्रपटाबद्दल मला नितांत आदर आहे. पण तिथे माणूस बदलतो तो जेलरच्या नजरेच्या बळावर. 'पॉरिज'मधल्या पहारेकऱ्यांपैकी मॅके कडक आहे आणि बॅरोक्लो मऊ, पण दोघांपैकी कोणीही कोणाचा उद्धार करत नाही. जे काही घडते ते दोन कैद्यांमध्ये, दिवे गेल्यावर घडते.

सुधारगृहात फ्लेचर नसतो, तिथे सगळेच गॉडबर असतात. आमच्या संहितेतली पोकळी तीच होती. आता मी त्यात सतरा वर्षांचा एक मुलगा आणला आहे. तो तिथे तिसऱ्यांदा आला आहे, त्याला जेवणाच्या रांगेपासून अधीक्षकांच्या चपलांच्या आवाजापर्यंत सगळे ठाऊक आहे, आणि काही महिन्यांत अठरा पूर्ण होतील या धास्तीने तो हल्ली रात्री जागा असतो. नव्याने आलेल्या बारा वर्षांच्या पोराला तो विचारतो, "घरी आत्ता काय चाललं असंल रं?" पोरगा सांगू लागतो, की आई भाकरी थापत असेल, आजी टीव्हीपुढे पेंगत असेल, गल्लीत कुणाची तरी म्हैस सुटली असेल. सांगता सांगता तो स्वतःच हसायला लागतो. परवाच्या तालमीत हा प्रवेश पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा दोघांनीही कडीचा आवाज येईपर्यंत थांबायचे कबूल केले होते, पण धाकटा आधीच झोपेचे सोंग घेऊन पडला आणि थोरला त्याच्या अंगावर पांघरूण घालून तसाच बसून राहिला. ते संहितेत नव्हते. मी ते तसेच ठेवले आहे.