प्रोग्रॅम गेला, स्क्रीन तशीच राहिली

भिवंडीतल्या एका गोदामात मालाच्या आवक-जावकीची नोंद अजूनही टर्मिनलवर, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणाऱ्या स्क्रीनवर चालते. प्रोग्रॅम सी भाषेतला, एनकर्सेस या टर्मिनलवर मेनू आणि फॉर्म रेखाटणाऱ्या लायब्ररीवर लिहिलेला. बाणांच्या आणि फंक्शन कीजवर तिथल्या ऑपरेटरांचे हात असे बसलेत की माऊसने तो वेग येणार नाही, हे माझं ठाम मत. त्याची देखभाल माझ्याकडे आहे.

ऐन गाड्या भरायच्या वेळी फोन आला. "सर, मशीन हँग झालं. काही टाइपच होत नाही."

"स्क्रीनवर काय दिसतंय?"

"अर्धा फॉर्म. मध्येच डॉलरचं चिन्ह."

डॉलर दिसतोय म्हणजे शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) जिवंत होता, प्रोग्रॅम संपला होता. "भाऊ, खिडकी बंद करू नका. कंट्रोल-जे दाबा. आता 'एसटीटीवाय', स्पेस, 'सेन' टाइप करा. अक्षरं दिसणार नाहीत, तरी टाइप करा. परत कंट्रोल-जे." ही आज्ञा टर्मिनलची बिघडलेली सेटिंग्ज पुन्हा ठीक करते. एंटरऐवजी कंट्रोल-जे अशासाठी की या अवस्थेत एंटरचं नव्या ओळीत रूपांतर होत नाही. बॅश हा शेल ते सांभाळून घेतो, सगळे शेल घेत नाहीत.

"आली अक्षरं!" गाड्या सुटल्या, मी कोड उघडला.

इनिटएससीआर हे फंक्शन स्क्रीन सुरू करताना टर्मिनलचा एको (दाबलेलं अक्षर आपोआप उमटणं) बंद करतं, कारण दाबलेली कळ कुठे उमटवायची हे यापुढे एनकर्सेस ठरवणार असतं. ओळ संपली की कर्सर डावीकडे आणायची सोयही काढून घेतं. म्हणून अशा बिघडलेल्या टर्मिनलवर फायलींची यादी मागवली तर ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत जातात. हे सगळं एंडविन हे स्क्रीन बंद करणारं फंक्शन पूर्ववत करतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये एंडविन होतं, पण फक्त मुख्य मेनूतून बाहेर पडण्याच्या वाटेवर. साठ्याची फाइल वाचणारी लायब्ररी मात्र अडचण आली की एरर छापून थेट एक्झिट करत होती.

सुरुवातीला अ‍ॅटएक्झिटमध्ये (प्रोग्रॅम एक्झिट करताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनांच्या यादीत) छोटं फंक्शन नोंदवलं: एंडविन झालंय का हे इझएंडविनला विचारायचं, स्क्रीन अजून बंद नसेल तर एंडविन करायचं. चाचणीत टर्मिनल स्वच्छ परत आलं, पण एररचा मेसेज गायब! थोडा वेळ डोकं चालेना. मग उलगडलं. एनकर्सेस टर्मिनलच्या पर्यायी पडद्यावर काम करतं. लायब्ररी मेसेज त्याच पडद्यावर छापत होती आणि एंडविनने मूळ पडदा परत आणला की मेसेज पर्यायी पडद्यासोबत जात होता. म्हणून स्टँडर्ड एरर, म्हणजे एरर मेसेज बाहेर पडण्याचा मार्ग, लॉग फाइलकडे वळवला. पुढच्या वेळी खरं कारण लॉगमध्ये सापडलं: दोन काउंटरांवरून एकाच वेळी नोंद केली की फाइलचं लॉक (एका वेळी एकानेच लिहावं म्हणून घ्यायचा ताबा) मिळत नव्हतं. आता लायब्ररी अशा वेळी बाहेर न पडता एरर कोड परत देते आणि फॉर्म ऑपरेटरला थांबायला सांगतो.

एक वाट तरीही उरते. किल-नाइन या जबरदस्तीने बंद करणाऱ्या आज्ञेने मारलेल्या प्रोग्रॅमला आवराआवर करायची संधीच मिळत नाही, तिथे अ‍ॅटएक्झिट चालत नाही. म्हणून प्रोग्रॅम आता एका स्क्रिप्टमधून सुरू होतो. ती आधी 'एसटीटीवाय'च्या 'जी' पर्यायाने टर्मिनलची स्थिती टिपून ठेवते आणि प्रोग्रॅम कसाही संपला तरी ती परत बसवते.