कॅन जड लागतंय

"मॅडम, हे कॅन जड लागतंय बघा."

अण्णांनी हे सोमवारीच सांगितलं होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. पस्तीस लिटरचं कॅन जडच लागणार, त्यात काय विशेष? शिवाय अण्णांची कंबर सहा महिन्यांपासून धरलेली.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाईंग हाऊसच्या लॅबमध्ये काम करते. लॅब म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक ओटा, दोन ब्युरेट आणि सतत रुसणारा पीएच मीटर. आमच्याकडे टेरी टॉवेल रंगतात. आठवडा गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचा होता, त्यामुळे निम्मी पोरं मनाने आधीच बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मागे निघालेली. मालकांना लॉट यात्रेआधी बाहेर काढायचे होते.

रिॲक्टिव्ह रंग कापसाला धरतो तो सोडा ॲशच्या बाथमध्ये, पीएच अकराच्या आसपास (सातच्या वर अल्कली, खाली आंबट). मग तो अल्कली मारावा लागतो आणि शेवटच्या सॉफ्टनरच्या बाथला थोडा आंबटपणा लागतो. दोन्हीकडे ॲसिटिक ॲसिड. आम्ही वर्षानुवर्षं ग्लेशियल, म्हणजे जवळपास बिनपाण्याचं, घ्यायचो. त्याची एकच खोड. ते १६.६ अंशांना गोठतं. सोलापुरात मे महिन्यात हे कुणाला सांगितलं तर हसेल, पण डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा त्याच्या खाली जातो आणि सकाळी कॅन उलटं केलं तरी थेंब पडत नाही. पोरं ते उन्हात ठेवून बिड्या ओढत बसतात. त्या वेळखाऊपणाला कंटाळून मालकांनी एका व्यापाऱ्याकडून "तयार" ॲसिटिक मागवलं, तीस टक्क्यांचं. न गोठणारं, आणि थोडं स्वस्तही.

स्वस्त म्हटल्यावर मी टेस्ट केली. तीस टक्के ॲसिटिक म्हणजे साधारण ५ नॉर्मल (लिटरमध्ये एकूण किती ॲसिड किंवा अल्कली आहे ते मोजायचं एकक). दहा पट पातळ करून दहा मिली घेतलं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले आणि ब्युरेटमधून अर्धा नॉर्मल कॉस्टिक सोडत गेले. फिकट गुलाबी रंग टिकला तेव्हा रीडिंग १०.१. दुसऱ्यांदा १०.०. वासही व्हिनेगरचा, जरा उतरलेला, पण तोच. रजिस्टरमध्ये "पास" लिहून सही ठोकली.

बुधवारी दुपारी पॅकिंगमधून अक्का आल्या. हातात गडद निळा टॉवेल. काही बोलल्या नाहीत. किनार दोन बोटांत धरून जरा ओढली, आणि ती आवाजही न करता सुटली. ओल्या पापडासारखी.

"असे किती?"

"दोन लॉट सगळेच, मॅडम. मधी बरं हय, कडेला आन् टोकाला गेलंय."

कडेला. हा शब्द मला तिथेच टोचला. टॉवेल ड्रायरमध्ये वाळतो तेव्हा आतलं पाणी कडांकडे, लूपच्या टोकांकडे सरकतं आणि तिथून उडतं. पाण्यात जे विरघळलंय तेही सोबत कडेला येतं, पण उडत नाही. पाणी कमी होत जातं तसं ते तिथेच घट्ट होत जातं. ॲसिटिक असतं तर तेही वाफेबरोबर निघून गेलं असतं. म्हणजे हे न उडणारं काहीतरी होतं.

फाटक्या टॉवेलचा तुकडा डिस्टिल्ड वॉटरमध्ये घालून हलवला आणि पीएच पाहिला. चारच्या खाली. वाळलेल्या, पॅकिंगला आलेल्या टॉवेलचा! मीटरवर विश्वास नव्हता म्हणून पीएचचा कागदही बुडवला. कागदाने तेच सांगितलं.

मग नव्या कॅनमधलं एक मिली लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात टाकलं. एवढं पातळ केलेलं आमचं ॲसिटिक साडेतीनच्या आसपास दाखवायला हवं. दाखवलं अडीचच्या आत. बेरियम क्लोराईडचे चार थेंब सोडले तर टेस्ट ट्यूब दुधाळ झाली, हायड्रोक्लोरिक टाकूनही निवळली नाही. सल्फेट. कॅनमध्ये बहुतेक सल्फ्युरिक होतं आणि वासापुरतं ॲसिटिक.

मग माझं टायट्रेशन, ब्युरेटवरचं ते मोजमाप? ते चुकलेलं नव्हतं. मी ॲसिडला विचारलं होतं, तू किती आहेस. तू कसलं आहेस हे विचारलंच नव्हतं. शाळेच्या पुस्तकात संहत-विरल वेगळं आणि तीव्र-सौम्य वेगळं असं असतं, आम्ही पाठही केलेलं असतं. सल्फ्युरिक पाण्यात पडलं की हायड्रोजन मोकळा करून टाकतं. ॲसिटिक मूठ आवळून बसतं. ०.१ मोलर द्रावणात शंभरातले जेमतेम एक-दीड रेणू तेवढे सुटतात. पण ब्युरेटमधून कॉस्टिक पडायला लागलं की जे सुटलंय ते संपतं, मूठ आणखी उघडते, तेही संपतं, असं शेवटपर्यंत. पगार झाल्या झाल्या सगळे पैसे आईच्या हातात ठेवणारा एक मुलगा आणि आईने मागितले तसे देणारा दुसरा. महिनाअखेर बेरीज एकच. ब्युरेट ती बेरीज सांगतो, आणि व्यापाऱ्याला आम्ही तेवढीच बेरीज बघतो हे पक्कं माहीत होतं.

(तीव्र म्हणजे धोकादायक आणि सौम्य म्हणजे गरीब गाय, असंही समजू नये. हायड्रोफ्लोरिक ॲसिड या हिशोबात सौम्य आहे आणि ते काच खातं.)

कापसाचं सल्फ्युरिकशी वाकडं जुनंच. लोकरीच्या धंद्यात तर त्याचा उपयोगच करून घेतात. लोकरीत अडकलेले काटे, गवत घालवायला ती पातळ सल्फ्युरिकमधून काढून भट्टीत तापवतात. सेल्युलोज जळून ठिसूळ होतं, चुरून झडून जातं, लोकर राहते. आमच्या ड्रायरमध्ये १५० अंशांना तेच घडलं होतं. फक्त इथे वाचायला लोकर नव्हती.

तरी एक कोडं उरलं होतं. रेसिपीत लिटरला दोन मिली लिहिलंय. एवढ्याने इतकं नुकसान व्हायचं नाही, बोअरच्या पाण्यातल्या खारांनीच त्यातलं बरंच मारलं असतं. अण्णांना विचारलं. ते जरा घुटमळले.

"एक मग जादा टाकतो मी. रंग उठून दिसतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून की."

म्हणजे दुप्पट. वीस वर्षं रोज दुप्पट, आणि कधी काही झालं नाही, कारण ॲसिटिक जादा पडलं तरी पीएच जरासाच खाली सरकतो. त्याची मूठ आपोआप घट्ट होते. सल्फ्युरिकच्या बाबतीत पाण्यातला खार संपला की पुढचा प्रत्येक थेंब थेट कापडावर. मला रागवायचं होतं, पण रजिस्टरवर सही माझी होती.

एवढ्यात लक्षात आलं की तीन नंबरच्या मशीनमध्ये तिसरा लॉट चालू आहे. धावत गेले. पंधराशे लिटरचा बाथ, कागद लालभडक, पीएच दोनच्या आसपास. पण टॉवेल ओले होते आणि थंड होते. ओल्यात एवढं पातळ ॲसिड दहा-पंधरा मिनिटांत कापसाचं फारसं वाकडं करत नाही, घात होतो तो वाळताना. सोडा ॲश टाकावा तर अंदाज चुकला की पीएच उलट्या बाजूला उडणार आणि शेड बदलणार. तेव्हा स्टोअरमधलं एक पोतं आठवलं. नॅफ्थॉल रंगांच्या काळातलं सोडियम ॲसिटेट, वर्षानुवर्षं कुणी न हलवलेलं, खाली उंदरांनी कुरतडलेलं.

पाच किलो गरम पाण्यात विरघळवून अण्णांनी ते हळूहळू मशीनमध्ये सोडलं. सल्फ्युरिकने सोडलेला हायड्रोजन ॲसिटेट धरून ठेवतं. बाथमध्ये उरतं साधं सोडियम सल्फेट आणि ॲसिटिक ॲसिड. म्हणजे जे कॅनमध्ये असायला हवं होतं ते आम्ही मशीनमध्येच तयार केलं. दर दोन मिनिटांनी मी कागद बुडवत होते. लाल, मग नारिंगी, मग पिवळसर नारिंगी. पीएच पावणेपाचवर येऊन थांबला. ॲसिटेटचा पुढचा मग अण्णांनी मुद्दाम टाकून बघितला, तरी कागदाचा रंग फारसा हलला नाही. बाथ सोडला, एक धुवण दिलं, नव्याने सॉफ्टनर. संध्याकाळी ड्रायरमधून पहिला टॉवेल आला तो अक्कांनी दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन ओढला. टिकला.

आधीचे दोन लॉट गेले ते गेलेच. तीनशे किलो. मालक माझ्यासमोर व्यापाऱ्याला फोनवर बरंच काही बोलले, त्यातलं इथे लिहिण्यासारखं थोडं आहे. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "शेठ, तुमच्याच लॅबनं पास केलंय. मॅडमची सही हय." फोन स्पीकरवर होता.

आता रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढलेत. एक लिटरला एक मिलीचा पीएच, आणि दुसरा ट्वाडलचा. घनता दाखवणारं हे तरंगणारं काचेचं मापक कॉस्टिकसाठी कायम हाताशी होतं, ॲसिटिकमध्ये बुडवायचं मात्र सुचलं नव्हतं. तीस टक्के ॲसिटिक आठ ट्वाडल दाखवतं. त्या कॅनने दाखवले पंचवीस. हिशोब केला तर पूर्ण कॅनमागे जवळपास तीन किलोचा फरक.

गड्ड्यानंतर पुन्हा ग्लेशियल आलं, पुन्हा गोठलं, पुन्हा उन्हात ठेवलं. पातळ केलेलं कॅन घेऊन अण्णा दारात आले, खाली ठेवायच्या आधी दोनदा वरखाली झुलवलं.

"हलकं हय, मॅडम. लिहा."

मी ट्वाडल घेतला तेव्हा ते जरा नाराज झाले.