रेवदंड्याची आजी

इथे इस्रायलमध्ये माणूस गेलं की इमारतीच्या दारावर, बसथांब्यावर, कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर काळ्या चौकटीचा कागद चिकटवतात. नाव, दफन किती वाजता, आणि घरचे सात दिवस शोकाला कुठे बसणार, एवढंच त्यावर असतं. गेल्या महिन्यात तसा कागद माझ्या आजीचा लागला. हिब्रूत छापलेलं तिचं नाव मी दोनदा वाचलं, तेव्हा कुठे ते तिचंच आहे हे मनाला पटलं. ती 95 वर्षांची होती.

आजी म्हणजे माझ्या आईची आई. जन्म 1930 चा, रेवदंड्याचा. नारळाच्या वाडीतलं घर, वडिलांची तेलाची घाणी. शनिवारी घाणी बंद, म्हणून गाव आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हणायचं. अलिबागकडच्या वाचकांना हे नवं नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते: आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. लग्न होऊन ती मुंबईला मांडवीत आली. आमच्यात सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, ‘मशीद’ म्हणत, आणि मस्जिद स्टेशनचं नाव 1796 मध्ये बांधलेल्या आमच्या जुन्या मशिदीवरून पडलं असं सांगतात. आजी शेवटपर्यंत मशीदच म्हणायची, इस्रायलमध्येसुद्धा.

आजोबांनी इकडे यायचं फार आधी ठरवलं होतं, पण ट्रंक बांधून थांबावं लागलं. तेव्हा इथल्या काही धर्मगुरूंनी बेने इस्राएल खरे ज्यू आहेत का, असा प्रश्न काढला होता. लग्न लावायचं तर आईच्या बाजूच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करत. आमच्या लोकांनी येरुशलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्ट 1964 मध्ये इथल्या संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं. तरी आजोबांचा राग निवायला आणखी काही वर्षं गेली. आजी एवढंच म्हणायची, “दोन हजार वर्षं शनिवार पाळला, आणखी कसला दाखला हवा?”

1968 मध्ये ती दोन मामा आणि मावशीला घेऊन डिमोनाला उतरली. माझ्या आईचं लग्न झालेलं, ती ठाण्यात राहिली. डिमोना म्हणजे नेगेवचं वाळवंट. कोकणात चार महिने छपराखाली लाकडं सुकवणारी बाई अशा गावात आली, जिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहासुद्धा न घेता जातो. आल्यावर ती कापडाच्या गिरणीत लागली. नऊवारी सोडून पाचवारी नेसू लागली, थंडीत त्यावर आजोबांचा स्वेटर. मंगळसूत्र मात्र कधी उतरवलं नाही.

आई आणि ती पुढची 25 वर्षं भेटल्या नाहीत. जाण्यायेण्याचे पैसे कुणाकडे होते! पत्रं यायची, मराठीत, बारीक अक्षरात, कागदाच्या कडांवरूनसुद्धा लिहिलेली. 1992 मध्ये दोन्ही देशांत दूतावासांचे संबंध सुरू झाले आणि पुढच्या वर्षी आई पहिल्यांदा आली. दारात उभी राहून आजी म्हणाली, “किती वाळलीस गं!”

मी 2004 मध्ये आले, नोकरीसाठी. दर शुक्रवारी तिच्याकडे. वाल भिजवून, फडक्यात बांधून, वाळवंटात मोड आणून ती बिरडं करायची. आमच्या ज्यू नव्या वर्षाला चिकाचा हलवा. तुम्ही कुरडयांसाठी गव्हाचा काढता तोच चीक, पण तो नारळाच्या दुधात शिजवायचा, कारण मांसाच्या जेवणावर आम्ही गाईम्हशीचं दूध घेत नाही. हलवा दोन तास ढवळायचा. नव्वदीतही डाव दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, मला फक्त “गुठळी बघ” म्हणायची.

इथल्या रीतीप्रमाणे आई-बाप, भावंडं, नवरा-बायको आणि मुलं एवढेच शोकाला बसतात. नातीला बसायचं नसतं. मामा-मावशी बुटक्या स्टुलांवर बसले होते, आरसे झाकलेले, दार सताड उघडं. घरच्यांनी रांधायचं नाही, म्हणून मोरोक्कोकडच्या शेजारणी पातेली भरभरून आणत होत्या. आई ठाण्यात बसली होती. तिच्यासाठी आम्ही आणखी एक स्टूल ठेवलं आणि त्यावर फोन टेकवून ठेवला. इकडे संध्याकाळ झाली की तिकडे रात्र व्हायची, तरी ती उठायची नाही.

चौथ्या दिवशी मावशीने कपाटातून आजीची वही आणली. लाल पुठ्ठ्याची, कीर्तनाची. हो, आमच्यात मराठी कीर्तनं आहेत, 1880 च्या दशकापासून. साकी, दिंडी, सगळं तुमच्यासारखंच, पण आख्यान अब्राहामाचं, मोशेचं, योसेफाचं. बायका ती वहीत उतरवून घ्यायच्या आणि जमून म्हणायच्या. मावशीला बोलता येतं, वाचता येत नाही. पतवंडांना दोन्ही येत नाही. वही माझ्या हातात आली.

मी योसेफाचं आख्यान काढलं. भावांनी विकलेला योसेफ मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा अधिकारी होतो. दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला येतात. तो त्यांच्याशी दुभाष्यामार्फत बोलतो. ते आपसात आपल्या बोलीत बोलतात, याला काय कळणार अशा समजुतीने, आणि त्याला शब्दन् शब्द कळतो. तो बाजूला जाऊन रडतो. आजी दर वेळी इथेच थांबायची. मला वाटायचं, दम लागला. वहीत त्या ओळींवरची शाई फुटलेली आहे, आणि ती एकाच दिवशी फुटलेली नाही.

मी मोठ्याने वाचलं. खोलीतल्या बहुतेकांना काही कळलं नाही, पण कुणी उठलं नाही. फोनमधून आईने पुढची ओळ धरली, मग मावशीने. मी वही मिटली. त्या दोघींना ते आख्यान पाठ होतं.

तिसाव्या दिवसाआधी दगड बसवायचा होता. हिब्रू नावाखाली मराठीत काहीतरी हवं, असं मामा म्हणाले. कोरणाऱ्याकडे आपली अक्षरं नव्हती, म्हणून मी कागदावर ठळक लिहून दिलं: ‘आजी, रेवदंडा’. त्याने कागद हातात घेतला, उलटा धरला, मग सुलटा. ती वरची लांब रेघ म्हणजे जमीन आहे का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, ती वर असते, अक्षरं तिला लोंबतात. त्याने पेन्सिलीने कागदाच्या वरच्या कडेला एक बाण काढून घेतला आणि मला पुन्हा विचारलं, “नक्की ना?”