लायन्सचे सहा कॉर्नरबॅक आणि माझी एक चिठ्ठी

आमच्या ऑफिसात दर उन्हाळ्यात पैज लागते. डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या ५३ जणांच्या अंतिम यादीत कोण टिकणार आणि कुठल्या क्रमाने, ते आधीच लिहून द्यायचं. पोझिशन चिठ्ठ्या टाकून वाटतात. क्वार्टरबॅकची, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची, चिठ्ठी आली तर जॅरेड गॉफचं नाव लिहून मोकळं व्हावं. २०२४ साली मला आली कॉर्नरबॅकची. माझ्या शेजारी बसणारा, वडिलांच्या खांद्यावर बसून लायन्सचे पराभव बघत मोठा झालेला गृहस्थ माझ्याकडे बघून नुसता हसला.

नियम साधे वाटले. पहिल्या प्रीसीझन (सीझनआधीच्या सराव) सामन्याआधी सहा नावं क्रमाने द्यायची. नाव यादीत आलं तर एक गुण, जागाही बरोबर असेल तर आणखी एक. खरी मेख तिसऱ्या नियमात होती, आणि तो याच गृहस्थाच्या डोक्यातून निघालेला: अमका जखमी झाला तर त्याच्या जागी कोण उभा राहील, हेही आत्ताच लिहायचं. ते बरोबर निघालं तर तीन गुण.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कॉर्नरबॅक म्हणजे मैदानाच्या कडेला, पास झेलायला पळणाऱ्या रिसीव्हरसमोर एकटा उभा असलेला बचावपटू. आपण कुठे पळणार हे रिसीव्हरला ठाऊक असतं, याला नसतं. म्हणून तो आधी उलट्या पावलांनी मागे सरकतो आणि ऐन वेळी कमरेतून वळून रिसीव्हरच्या मागे सुटतो. वळायला अर्धा सेकंद उशीर झाला की सहा गुण गेले, आणि ते साठ हजार लोकांना दिसतं.

लायन्सचं दुखणं नेमकं इथेच होतं. २०२४च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध एनएफसीच्या, म्हणजे लीगच्या दोनपैकी एका गटाच्या, अंतिम सामन्यात मध्यंतराला २४-७ अशी आघाडी होती आणि सामना ३४-३१ने गेला. त्यात ब्रॉक पर्डीने फेकलेला एक लांब पास आमच्या किंडल विल्डोरच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळून उडाला आणि ब्रँडन आयुकने झेलला. ५१ यार्ड. ते दृश्य इथल्या टीव्हीवर इतक्यांदा दाखवलं की फुटबॉल न बघणाऱ्या माझ्या बायकोलाही विल्डोर हे नाव पाठ झालं.

त्यामुळे वसंतात सरव्यवस्थापक ब्रॅड होम्सने कॉर्नरबॅकची फळी जवळजवळ रिकामी करून पुन्हा भरली. कॅमरन सटन गेला, जेरी जेकब्स गेला. टँपा बेला ड्राफ्टमधली तिसऱ्या फेरीची पिक (निवडीची पाळी) देऊन कार्लटन डेव्हिस आणला. उंच, लांब हातांचा, सुपर बोल जिंकलेला. रेडर्सकडून अमिक रॉबर्टसन आला, जेमतेम पावणेसहा फुटांचा, पण अंगावर धावून जाणारा. मग एप्रिलमध्ये, संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तो ड्राफ्टच डेट्रॉइटला झाला. तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर माणसं डाउनटाउनमध्ये लोटली, त्यात आम्हीही होतो. लायन्सने डॅलसशी सौदा करून २९वरून २४व्या क्रमांकावर उडी घेतली आणि अलाबामाचा टेरियन आर्नल्ड उचलला. दुसऱ्या फेरीत पुन्हा कॉर्नरबॅकच: मिझुरीचा एनिस रेकस्ट्रॉ, ६१वा. माझ्या मुलाने तिथेच विचारलं, "बाबा, आता आणखी किती?" जुन्यांपैकी विल्डोर, खलील डॉर्सी आणि दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेला इमॅन्युएल मोझली हे होतेच.

म्हणजे सात नावं आणि सहा जागा. सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं: पगार किती, ड्राफ्टमध्ये कितवा, वय किती, असा तक्ता मांडला आणि वरून खाली नावं लिहीत गेलो. कागद देखणा दिसत होता, पण तिसऱ्या नियमापाशी आलो की गाडी अडायची. डेव्हिस पडला तर यादीतला चौथा येईल का? की तिसरा बाहेर सरकेल आणि चौथा आत येईल?

कारण ही एक रांग नाहीच. बाहेरची डावी बाजू, बाहेरची उजवी बाजू आणि मधला स्लॉट ही तीन वेगळी कामं आहेत. तासगावला कबड्डी खेळायचो तेव्हा आमचा उजवा कोपरारक्षक डावीकडे उभा केला की त्याची पकड हमखास सुटायची. माणूस तोच, ताकद तीच, पण पाय उलटे पडायचे. इथेही तेच. स्लॉटवाल्याला तर पाठीशी साइडलाइनचा आधारही नसतो. रिसीव्हर दोन्हीकडे पळू शकतो, शिवाय धावत येणाऱ्याला टॅकलही करायचं. त्यात हल्ली निम्म्याहून जास्त चालींना मागे पाच बचावपटू असतात, म्हणजे यादीतला हा 'तिसरा' प्रत्यक्षात पहिल्याच संघातला.

२०२३ला हे स्लॉटचं काम ब्रायन ब्रँच करायचा. आता त्याला सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) म्हणून मागे नेणार, हे उन्हाळ्यातच स्पष्ट झालं होतं. मग स्लॉट रॉबर्टसनचा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. मी मात्र त्याच्या रेडर्सच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती काढून बसलो. दिसलं असं की तिथे तो बऱ्याच वेळा बाहेर खेळलाय, स्वतःपेक्षा वीतभर उंच रिसीव्हरसमोर. तेव्हा मी जोडीच्या, म्हणजे कोणाच्या जागी कोण त्या, रकान्यात लिहिलं: डेव्हिस गेला तर बाहेर रॉबर्टसन. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अरे, तो बुटका?" मी म्हटलं, लिहिलंय ते लिहिलंय.

कॅम्पचा सराव बघायला ॲलन पार्कला गेलो. उन्हात पत्र्याच्या बाकांवर बसायचं, हातात थंड लिंबू सरबत. लोकांचे डोळे एकास एक सरावावर. आर्नल्ड आणि रिसीव्हर समोरासमोर आले की आरडाओरडा व्हायचा. आर्नल्डचे पाय बघत राहावेत असे, पण हात रिसीव्हरच्या जर्सीवर जरा जास्त वेळ रेंगाळायचे. पंच इथे फाउलचा पिवळा रुमाल टाकणार, हे माझ्यासारख्यालाही कळत होतं. सीझनच्या पहिल्या महिन्यात ते रुमाल पडलेच, आणि भरपूर पडले.

माझ्या कामाची गोष्ट मात्र पलीकडच्या कोपऱ्यात चालली होती, तिकडे कोणी बघतही नव्हतं. पंटचा, म्हणजे चेंडू लांब लाथाडून समोरच्या संघाकडे देण्याचा, सराव. पंटच्या वेळी दोन्ही टोकांना एकेक 'गनर' असतो. चेंडू उडाला की त्याने दोघांच्या धक्क्यांतून वाट काढत चाळीसेक यार्ड पळत जाऊन चेंडू झेलणाऱ्याला गाठायचं. नॉर्थवेस्टर्नचा, ड्राफ्टमध्ये कोणी न घेतलेला डॉर्सी हे असं करत होता, की जणू त्याचं घरभाडं त्यावर अवलंबून आहे. तसं ते होतंच म्हणा. पाचवा-सहावा कॉर्नरबॅक सामन्याच्या दिवशी गणवेशात बसवायचा तर तो दुसऱ्या कशाला तरी उपयोगी पडला पाहिजे. सामन्याला ५३ पैकी ४८च जण उतरवता येतात. नुसता राखीव म्हणून बाकावर बसणारा कोणालाही परवडत नाही. घरी येऊन मी डॉर्सीला पाचवर आणलं.

मग मोझलीचं झालं. ऑगस्टच्या सुरुवातीला न्यू जर्सीत जायंट्सबरोबर एकत्र सराव होता, त्यात त्याच्या छातीचा स्नायू फाटला. दोन ऑपरेशनं पचवून उभा राहिलेला माणूस. पैजेपुरतं माझं काम सोपं झालं, पण मोझलीचं नाव खोडताना बरं वाटलं नाही.

उरला विल्डोर. त्याला सहावा लिहायचं माझ्या मनात होतं. इथे ऑफिसातल्या सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. त्यांचं म्हणणंही चूक नव्हतं: चार सीझन पुरे झालेल्या खेळाडूला त्या दिवसांत काढलं तर तो वेव्हरवर जात नाही, म्हणजे दुसरा संघ त्याला परस्पर उचलू शकत नाही. संघ त्याला 'आज काढतो, उद्या बोलावतो' असं सांगू शकतो, किंवा सोळा जणांच्या प्रॅक्टिस स्क्वाडवर ठेवू शकतो. पण डिफेन्सचा सूत्रधार ॲरन ग्लेन स्वतः जुना कॉर्नरबॅक. दोन नवखी पोरं हाताशी असताना तो आपली पद्धत पाठ असलेला माणूस दाराबाहेर ठेवेल, हे मला पटेना. सहावं नाव विल्डोर. कागद दिला.

२७ ऑगस्टला दुपारी चारच्या आत ९० जणांचे ५३ करायचे होते. आमच्या मीटिंगा त्या दुपारी नावापुरत्याच झाल्या. सहाच्या सहा टिकले. गृहस्थ म्हणाले, "थांब, डिसेंबर येऊ दे."

सीझन स्वप्नासारखा चालला होता. शेवटी १५ विजय, फक्त २ पराभव. रेकस्ट्रॉने तेवढी निराशा केली. चौथ्या जागेचा माझा भरवसा त्याच्यावर, पण हॅमस्ट्रिंगने (मांडीमागच्या स्नायूच्या दुखापतीने) त्याला बराच काळ बाहेर बसवलं, आणि त्याच्या नावापुढच्या माझ्या जोड्या सगळ्या वाया. मग १५ डिसेंबरला बफेलो आलं. ४८-४२ असा हरलेला तो सामना मी कधी विसरणार नाही. एका संध्याकाळी डेव्हिसचा जबडा मोडला आणि डॉर्सीचा पाय. सहामधले दोन गेले, तिसरा आधीच अर्धा.

५ जानेवारीला मिनेसोटाविरुद्ध शेवटचा लीग सामना, जिंकेल त्याला अव्वल मानांकन. समोर त्यांचा रिसीव्हर जस्टिन जेफर्सन. आणि त्याच्या मागे मैदानभर सावलीसारखा लावला होता तो बुटका रॉबर्टसन. जेफर्सनला जेमतेम तीन झेल मिळाले. लायन्स ३१-९. दुसऱ्या दिवशी गृहस्थांनी न बोलता माझ्या टेबलावर डोनट आणून ठेवला. तीन गुण मला मिळाले.

दोन आठवड्यांनी वॉशिंग्टनविरुद्ध सुरुवातीलाच रॉबर्टसनचा हात मोडला. आता बाहेर कोण? विल्डोर. वर्षापूर्वी ज्याच्या हेल्मेटवरून चेंडू उडाला होता तो, ऑगस्टमध्ये ज्याच्यावरून माझी टर उडवली तो. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सला ते लगेच कळलं. ४५-३१, घरच्या मैदानावर सीझन संपला. माझ्या कागदावर रॉबर्टसनपुढे विल्डोरचंच नाव होतं. गुण मिळाले, पण घेताना मजा आली नाही. पैज मात्र दुसऱ्याच बाईंनी जिंकली. त्यांच्या वाट्याला किकरची (चेंडूला लाथ मारून गुण मिळवणाऱ्याची) चिठ्ठी आली होती आणि त्यांनी जेक बेट्सचं एकच नाव लिहिलं होतं.

२०२५ला मी हट्टाने पुन्हा कॉर्नरबॅकच मागून घेतला. डेव्हिस न्यू इंग्लंडला गेला होता, जेट्सकडून डी. जे. रीड आला होता, आणि ग्लेन जेट्सचा मुख्य प्रशिक्षक होऊन निघून गेला होता. या खेपेला यादी खालून वर भरली: आधी गनर, मग स्लॉट, बाहेरचे दोघे सगळ्यात शेवटी. रेकस्ट्रॉची तब्येत आता ठणठणीत म्हणून त्याला बिनधास्त वरच्या चारात घेतला. कॅम्प सुरू होतो न होतो तोच त्याचा खांदा गेला, आणि अख्खा सीझनही.