झिरो तिकीट

रिकाम्या कपातला चहा सांडला तर पुसायचं कुठे? हा प्रश्न मोठ्यांना पडतो, दोन वर्षांच्या पोराला नाही. आमच्या बेळगावातल्या वडगावच्या मंगाईच्या जत्रेत घेतलेल्या भातुकलीतला कप मी फरशीवर उपडा केला आणि म्हटलं, "अगंबाई, सांडला की!" धाकट्या नातवाने पायपुसणं ओढत आणलं आणि नेमकी कपाखालचीच फरशी पुसली. पॉल हॅरिस आणि रॉबर्ट कॅव्हनॉ या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली असेच लुटुपुटीचे चहा सांडून पाहिले होते. तिकडच्या दोन वर्षांच्या मुलांनीही नसलेली ओल बरोबर जागी शोधली.

याला अजून धड बोलता येत नाही. मग कपात चहा नाही आणि तरी आहे, हे याला कळतं कसं? पहिली खूण मिळते ती आपल्याच चेहऱ्यावरून. अँजेलिन लिलार्ड आणि डेव्हिड विदरिंग्टन यांनी दीड वर्षाच्या मुलांच्या आयांना त्यांच्यासमोर एकदा खरंच खायला लावलं आणि एकदा खाण्याचं नाटक करायला लावलं. नाटक करताना आया मुलाकडे जास्त बघत होत्या, जास्त हसत होत्या. आमची सून जेवताना फोनमध्ये असते. रिकाम्या वाटीतला कुंदा चाखताना मात्र डोळे मोठे करून पोराच्या तोंडाकडे बघत "आहाहा" करते. (खरा कुंदा खाताना आमच्याकडे कुणी कुणाकडे बघत नाही.)

थोरली पाच वर्षांची, तिचा खेळ बसचा. एकामागे एक खुर्च्या मांडल्या की ही कंडक्टर. घरात सगळं मराठी, पण गळ्यात पिशवी अडकवली की हिचं कानडीत "मुंद होग्री, मुंद होग्री" (पुढे चला) सुरू. खेळ थांबवून काही ठरवायचं असलं की परत मराठी: "आज्जी, तू खानापूरला उतरायचं हं." उत्तर नॉर्वेतली मुलंही असंच करतात म्हणे. पात्राच्या तोंडी राजधानीकडची बोली, आणि खेळ ठरवताना आपली घरची.

२०२३ च्या जूनपासून कर्नाटकात इथल्या बायकांना साधी सरकारी बस फुकट. त्यामुळे माझ्यापाशी आली की "आधार तोरसरी" (आधार दाखवा) म्हणते. मी तळहात दाखवते, ती हवेतून झिरो तिकीट फाडून देते. आजोबांना मात्र पूर्ण पैसे. परवा चंदगडला दिलेली माझी लेक आली होती. तिनेही तळहात पुढे केला. पोरीने तो उलटसुलट करून पाहिला.

"हे महाराष्ट्राचं हाय. पैसे द्या."

"अगं, खोटं खोटंच आहे ना? सोड की आत्याला."

नाही म्हणजे नाही. आत्याने हवेतली नोट काढून दिल्यावरच बस सुटली. वर सुट्टे नाहीत म्हणून उरलेले पैसे तिकिटामागे लिहून दिले! वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ सालच्या एका व्याख्यानात सांगितलं होतं, की कल्पनेतला खेळ म्हटला की त्यात नियम आलेच. पोरं खेळात मनाला येईल ते करतात असं आपण समजतो. आमच्या बसमध्ये तरी तसं काही चालत नाही.

पण एवढी चोख कंडक्टरसुद्धा एका ठिकाणी अडते. याच लिलार्डबाईंनी मुलांना एक बाहुला दाखवला. तो एका प्राण्यासारख्या उड्या मारतो, पण असा प्राणी असतो हेच त्याला ठाऊक नाही. मग तो त्या प्राण्याचं सोंग करतोय का? चार वर्षांची बरीच मुलं म्हणाली, हो, करतोय. म्हणजे सोंगाला उड्या पुरतात, मनात काही असावं लागतं हे त्यांच्या हिशेबातच नाही. आमच्या हिशेबात काय आहे ते बघावं म्हणून मी पोरीला विचारलं, "डोंगरातला एक मुलगा आहे. त्याला बस म्हणजे काय तेच माहीत नाही. तो ताट फिरवत, भुर्रर्र करत पळतोय. तो बस-बस खेळतोय का?"

"होय की. ताट फिरवालाय न्हवं!"

"पण त्याला बस माहीतच नाही ना?"

"मग त्याच्या कंडक्टरला विचार की."