कोरडी नदी आणि बार्शी लाईट

ऑगस्टमध्ये मँचेस्टरला लेकीकडे होतो तेव्हा एका दुपारी तिने मॅनिफोल्ड नदी दाखवायला नेलं. स्टॅफर्डशायरच्या डोंगरातली छोटीशी नदी, ॲक्स एजच्या माळावर उगम, वळणं घेत घेत इलमजवळ डव्ह नदीला मिळते, संपलं. आता मला नदी दिसली की खाली उतरून पाय बुडवल्याशिवाय चैन पडत नाही, घरचे वैतागतात पण त्याला इलाज नाही. तर वेटन मिलच्या जरा पुढं बूट हातात घेऊन उतरलो, आणि पाण्याचा थेंब नाही! नुसते पांढरट गोटे, आणि पात्राच्या मधोमध बटरबरची अळूएवढाली पानं माजलेली. "बाबा, उन्हाळ्यात ती इथून जमिनीखाली जाते," लेक म्हणाली. सगळा चुनखडक, तळाच्या भोकांतून पाणी आत उतरतं ते पार इलमच्या पार्कातच वर येतं. आम्हा सोलापूरकडच्यांना कोरड्या नदीचं काय कौतुक, पण इंग्लंडात, जिथं छत्री खाली ठेवायची सोय नाही?

पात्राच्या कडेनं मस्त डांबरी वाट, सायकलवाले सुसाट. चढ असा नाहीच. म्हटलं हा रूळांचा रस्ता दिसतोय, आणि तसाच निघाला. १९०४ साली इथं अडीच फुटी रूळांची गाडी सुरू झाली, इंजिनियर कोण, तर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, आपल्या बार्शी लाईट रेल्वेवाला! बार्शीची गाडी १८९७ची, म्हणजे आधी आपली, मग त्यांची. इंजिनांना हेडलॅम्पसुद्धा आपल्याकडच्यासारखे मोठाले. मी तिथंच एका दगडावर बसलो आणि कुर्डुवाडी स्टेशन डोळ्यांपुढं आलं, मोठ्या गाडीतून उतरून ट्रंक, पिशव्या, धाकटी बहीण असं सगळं ओढत छोट्या गाडीत घुसायचं, समोरच्याच्या गुडघ्याला गुडघे, खिडकीतून डोकं काढलं की डोळ्यात कोळसा, आत्या बार्शीला पोचल्या पोचल्या पदराच्या टोकानं तो काढायची आणि वर एक धपाटाही द्यायची. एकादशीच्या सुमारास तर पंढरपूरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसायची.

इथली गाडी मात्र १९३४ला बंद पडली. जेमतेम तीस वर्षं. दूध वाहायची आणि सुट्टीच्या दिवशी फिरायला येणारी माणसं, तेवढ्यावर किती दिवस भागणार? खोरं देखणं आहे, पण वाटेत एखादा विठोबा नको का?